अर्धवेळ काय, नोकरी की शिक्षण?

सप्टेंबर २०२५ मधील एका पावसाळी संध्याकाळी वसईतील आमच्या आळीत एका घराच्या ओटीवर आठ-दहा माणसे जमली होती. घरातील थोरला मुलगा उपनगरातील एका महाविद्यालयात एस.वाय.बी.कॉम.ला शिकतो. हजेरी कमी भरलेल्या विद्यार्थ्यांची यादी फलकावर लागली होती, तीत त्याचे नाव होते, आणि पालकांना बरोबर घेऊन ये असा निरोप त्याला मिळाला होता. वडिलांनी आयुष्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही. तिथे जाऊन काय बोलायचे हे विचारण्यासाठी त्यांनी चार शहाण्या माणसांना बोलावले होते. त्या शहाण्यांत आम्हीही होतो, हे आरंभीच कबूल केलेले बरे.

मुलगा आदल्या डिसेंबरपासून स्टेशनजवळच्या एका मेडिकलच्या दुकानात संध्याकाळी पाच ते दहा काउंटरवर उभा राहतो. महिना आठ हजार रुपये. शटर ओढून सायकलने घरी पोहोचायला पावणेअकरा वाजतात. जेवून पाठ टेकेपर्यंत बारा. पहाटे पाचला उठणे भाग, कारण पहिला तास सातला आणि मध्ये लोकलचा प्रवास. सोमवारी तो वेळेवर पोहोचतो, मंगळवारीही पोहोचतो. गुरुवारपासून पहिला तास बुडू लागतो, शनिवारी पहिले दोन. दुकानातला दुपारचा मुलगा आला नाही की मालकाचा फोन येतो, मग शेवटचे तासही जातात. विद्यापीठाला हवी ७५ टक्के हजेरी. याची साठाच्याही खाली.

ओटीवर सल्ल्यांची कमतरता नव्हती. मामा म्हणाले, "सोडून दे ती नोकरी. शिकायच्या वयात शिकावे." एक निवृत्त मास्तर म्हणाले की, पोराला एकदा पैशाची चटक लागली की पुस्तक सुटलेच म्हणून समजा. यावर एक गृहस्थ तावातावाने बोलले, "नोकरी कशाला सोडायची? आम्ही नाही का कामे करून शिकलो? हल्लीच्या मुलांना कष्ट नकोत!" हे गृहस्थ म्हणजे आम्हीच.

मुलगा दाराच्या चौकटीला टेकून सारे ऐकत होता. सगळ्यांचे बोलून झाल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सोडतो, काका. उद्यापासून जात नाही. पण पहिल्या तारखेला घरात पाच हजार द्यायचे असतात, ते कोण देणार?"

कोणी काही बोलले नाही. आतून चहा आला, तो पिऊन मंडळी उठली. त्या गप्प बसण्याची लाज अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम आमच्याच वाक्याचा समाचार घेऊ. 'आम्ही नाही का कामे करून शिकलो' हे वाक्य आमच्या पिढीतील पुरुष मंडळी लग्नात बोलतात, मयताला जमले असता बोलतात आणि पारितोषिक-वितरण समारंभात तर हटकून बोलतात. आम्ही स्वतः ते अनेक व्यासपीठांवरून बोललो आहोत. १९७८ ते १९८१ ही आमची महाविद्यालयाची वर्षे. पहाटे वाडीतला मोगरा खुडायचा, केळीच्या पानांत फुले बांधायची, टोपली डोक्यावर घेऊन पहिल्या लोकलने दादरचा फुलबाजार गाठायचा, माल देऊन, हातपाय धुऊन तिथूनच वर्गात जाऊन बसायचे. सदऱ्याला फुलांचा वास यायचा आणि मुंबईकर मुले हसायची. ही कथा सांगितली की सभागृहात टाळ्या पडतात. त्यातला शब्दही खोटा नाही.

परंतु ती पुरी नाही. परीक्षा जवळ आली की आमची टोपली थांबायची, हे आम्ही कधी सांगितले नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस वडील आईला म्हणत, "आता ह्याला राहू दे." त्या दिवसापासून टोपली आमच्या थोरल्या बहिणीच्या डोक्यावर जात असे. तिची शाळा सातवीतच सुटली होती. नऊच्या सुमारास ती दादरहून परत यायची आणि तशीच वाडीत शिपण्याला लागायची. आम्ही ओटीवर पुस्तक उघडून बसलेले असायचो आणि जाता जाता ती विचारायची, "झाले का रे पाठ?" तीन वर्षे हे असे चालले. पदवीच्या कागदावर अर्थातच एकच नाव आहे. त्या ओटीवरून घरी आल्यावर आम्ही तिला फोन केला आणि त्या दिवसांविषयी विचारले. ती म्हणाली, "तुझी परीक्षा होती ना." तिच्या लेखी विषय तिथेच संपला.

तेव्हा आम्ही काम करून शिकलो हे खरे असले, तरी कोणते काम, कोणाच्या मालकीचे आणि ते थांबवण्याचा अधिकार कोणाच्या हाती, हे सांगितल्याविना त्या वाक्याला काडीचीही किंमत नाही. वाडी आमची होती. परीक्षेपुरते काम दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत होते, कारण तो खांदा घरातलाच होता आणि त्याची मजुरी कोणी मागत नव्हते. मेडिकलच्या मालकाला मार्च काय आणि ऑक्टोबर काय, महिने सारखेच. त्यात त्याचा फारसा दोष आहे असेही आम्हांस वाटत नाही. त्याला दुकान चालवायचे आहे आणि ताप परीक्षा पाहून येत नाही. दोष आहे तो दोन निराळ्या गोष्टींना एकच नाव देऊन मुलाच्या तोंडावर फेकणाऱ्या आमच्यासारख्यांचा.

नावाचाच विषय निघाला आहे, तर 'अर्धवेळ' या शब्दाचाही हिशेब करू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार जो राष्ट्रीय क्रेडिट आराखडा ठरला, त्यात विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या अध्ययनाचे ४० क्रेडिट आणि १२०० तास धरले आहेत. यात वर्गातले तास आले, घरचा अभ्यास आला, प्रकल्प आणि प्रात्यक्षिकेही आली. सत्राला २० ऐवजी २२ क्रेडिट धरली तर हे तास १३२० होतात. आता दुसरी बाजू पाहा. रोज पाच तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे तीस तास. दोन आठवडे सणवार आणि आजारपण यांत गेले असे मानले, तरी उरलेल्या पन्नास आठवड्यांचे १५०० तास भरतात. मालकाचे मधले फोन यात धरलेले नाहीत, रस्त्यावरचा वेळही धरलेला नाही. मग या दोहोंत पूर्णवेळ कोण आणि अर्धवेळ कोण? ज्याला आपण अर्धवेळ नोकरी म्हणतो ती शासनाने कागदावर मांडलेल्या संपूर्ण पदवी-अभ्यासाहून मोठी आहे. अर्धवेळ चालले आहे ते शिक्षण, आणि तेही झोपेतून उसने घेतलेल्या वेळावर.

हा हिशेब आम्ही त्या मुलाला दाखवला, तेव्हा तो हसला. त्याला तो आधीच ठाऊक होता, कारण तो कॉमर्सचा विद्यार्थी आहे. ठाऊक नव्हता तो ओटीवरच्या आम्हां शहाण्यांना.

आता 'सोडून दे' म्हणणाऱ्यांकडे वळू. या पक्षाचे म्हणणे ऐकायला गोड असते आणि त्यांचा हेतूही वाईट नसतो. वांधा एवढाच की, ते सल्ला देतात आणि त्याचे बिल ज्याला सल्ला दिला त्याच्याच नावावर फाडतात. या घराचे पाहा. वडील वालीवच्या एका गाळ्यात प्रेस मशीनवर होते. गाळा बंद पडला, आता ते एका इमारतीत रखवालदार आहेत आणि सुटी घेतली की त्या दिवसाचे पैसे नाहीत. मुलाच्या आठ हजारांतील पाच हजार घरात जातात आणि त्या पाचांतील तीन हजार धाकट्या बहिणीच्या बारावी सायन्सच्या क्लासचा हप्ता म्हणून जातात. उरलेल्या तीन हजारांत त्याचा रेल्वेचा पास, परीक्षेचे शुल्क, मोबाईलचा रिचार्ज आणि हजाराची भिशी. चटक लागली असे मास्तरांनी म्हटले, ती नेमकी कशाची? आमच्या बहिणीने आमच्यासाठी जे केले ते हा मुलगा आपल्या बहिणीसाठी करतो आहे. आम्ही त्या उपकारावर पदवी घेतली आणि त्याच ओटीवर बसून त्याला कष्टांचे माहात्म्य ऐकवले.

मात्र सगळीच घरे अशी नाहीत, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. नाहीतर वाचक म्हणतील की, एका गरीब मुलाचे चित्र काढून लेखकाने सर्वांना माफी देऊन टाकली. नोकरी करणाऱ्या दुसऱ्या काही मुलांचा पगार कुठे जातो हे आम्ही जवळून पाहिले आहे. तो महागड्या फोनच्या हप्त्यात जातो, बुटांत जातो, मित्राच्या वाढदिवसात जातो. अशा नोकरीबद्दल आमचे मत कठोर आहे. ती आजच सोडावी, फोन परत करावा लागला तरी करावा. एका हप्त्यासाठी वर्षाचे १५०० तास देणे हा तोट्याचा व्यवहार आहे. पालक इथे 'मुलगा स्वतःच्या पायावर उभा आहे' असे कौतुकाने सांगतात. तो उभा आहे खरा, पण दुकानदाराच्या फरशीवर.

या जातीतला सर्वांत अवघड फास मोटारसायकलचा आहे. घरोघरी जेवणाचे डबे आणि वाणसामान पोहोचवणाऱ्या कंपन्यांकडे काम हवे, तर गाडी हवी. गाडी हवी तर कर्ज हवे. कर्ज घेतले की हप्ता भरण्यासाठी ते काम हवेच. अठराव्या वर्षी लायसन्स हाती येते आणि एकोणिसाव्या वर्षी मुलगा या चक्रात फिरू लागतो. कंपनी त्याला कामगार म्हणत नाही, 'पार्टनर' म्हणते. पण पेट्रोल त्याचे, गाडी त्याची, पावसात घसरला तर हाडही त्याचे. शिवाय ऑर्डरींची गर्दी कधी असते? दुपारी जेवणाच्या वेळी आणि रात्री. म्हणजे महाविद्यालयाचे शेवटचे तास आणि अभ्यासाची वेळ, बरोबर या दोन्हींवर घाला. 'हवे तेव्हा काम करा' असे जाहिरातीत असते; हवे तेव्हा केले तर वरकड पैसे मिळत नाहीत, हे पहिल्या आठवड्यातच कळते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये अशा कामगारांची व्याख्या प्रथमच कायद्यात आली, ही चांगली गोष्ट झाली. परंतु व्याख्येत बसलेला मुलगा परीक्षेला बसेल याची तरतूद कोणत्याही संहितेत नाही.

आणि आता महाविद्यालये. नोकरी आणि शिक्षण यांच्या भांडणात ही मंडळी स्वतःला पंच समजतात, वास्तविक ती पक्षकार आहेत. समारंभात कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या प्रतिमेला हार घालायचा, 'कमवा आणि शिका'वर भाषण करायचे आणि दुसऱ्या दिवशी कमावणाऱ्या मुलांची नावे फलकावर लावायची, यातील विसंगती कोणालाच कशी खटकत नाही?

कर्मवीरांनी काय केले होते ते तरी नीट आठवावे. १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले, ते याच तत्त्वावर. मुले संस्थेच्या शेतात राबत, इमारतींच्या बांधकामावर राबत आणि त्या श्रमावर शिकत. त्या योजनेत काम देणारा आणि शिकवणारा एकच होता, ही गोष्ट भाषणांतून गळून जाते. कामाचा तास आणि वर्गाचा तास एकमेकांवर आदळले, तर कोणी मागे सरायचे हे संस्थेने आधीच ठरवलेले होते. पुणे विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेतही मुले महाविद्यालयातच, ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात मोजके तास काम करतात. स्टेशनजवळच्या दुकानात रात्री दहापर्यंत उभे राहणे आणि ही योजना यांत शब्दांखेरीज काही साम्य नाही. आमच्या माहितीतल्या मुलांपैकी एकालाही त्याच्या महाविद्यालयाने असे काम देऊ केलेले नाही.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा वर्ग सकाळी भरवले, कारण दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांनाही शिकता यावे. नोकरी करणारा विद्यार्थी हा तिथे अपराधी नव्हता. त्याला समोर धरून वेळापत्रक आखलेले होते. आज सकाळचे वर्ग पुष्कळ ठिकाणी आहेत, पण ते बहुधा खोल्या पुरत नाहीत म्हणून. त्यात मध्ये रिकामे तास सोडलेले, वेळापत्रक सत्राच्या मध्यावर बदलणारे. २०२४-२५ पासून नवे धोरण लागू झाल्यावर विषयांची संख्या वाढली, प्रकल्प वाढले, अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामाचा अनुभवही आला. या अनुभवाला क्रेडिट आहे, कारण तो महाविद्यालयाने नेमून दिलेला असतो. गेले नऊ-दहा महिने औषधांचा साठा, मुदती, उधारी आणि बिले सांभाळणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाच्या अनुभवाला क्रेडिट नाही. त्याला मिळते ती फलकावरची जागा.

हजेरीच्या यादीची आणखी एक कथा आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. यादीत नाव आले की वैद्यकीय दाखला मागतात. हा दाखला कसा मिळतो हे विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, प्राध्यापकांना ठाऊक आहे, शिपायालाही ठाऊक आहे. आमच्या मुलाने दाखला नेला नाही. त्याने वडिलांना पुढे करून खरे कारण सांगितले. त्यावर त्याला समोरून ऐकावे लागले की, नोकरी हे कारण होत नाही, कावीळ आणली असतीस तर चालले असते. सांगणारा माणूस दुष्ट नव्हता, उलट मदत करू पाहत होता. खोटे आजारी पडलेल्याला परीक्षा आणि खरे राबलेल्याला हमीपत्र, हा नियम मात्र त्यानेच पाळायचा असतो. अखेर दंडाच्या पावतीसह हमीपत्र भरून त्याला परीक्षेला बसू दिले. दंड त्याने पगारातूनच भरला.

मग नोकरी सोडावी की न सोडावी? इतके लिहून आम्ही उत्तर टाळले, असे कोणास वाटू नये. आमचे उत्तर असे आहे की, जी नोकरी परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे मुलाला मोकळे सोडत नाही ती सोडावी, पगार कितीही असो. एखादा विषय मागे राहणे, एटीकेटी लागणे, हे मुंबईच्या विद्यार्थ्याला नवे नाही आणि त्याने आकाशही कोसळत नाही. परंतु एकाचे दोन आणि दोनाचे चार विषय झाले की पदवी तीनऐवजी पाच वर्षांची होते आणि तोवर काउंटरवरचा मुलगा काउंटरवरचा माणूस झालेला असतो. सोडायची ती रागाच्या भरात, यादी लागली त्या संध्याकाळी सोडू नये. पुढच्या पगाराला कोण उभे राहणार हे ठरवून सोडावी. आणि हे ठरवण्याचे काम एकोणीस वर्षांच्या मुलावर ढकलू नये.

पगार घराला खरोखरच हवा असेल आणि त्याच्यामागे कोणी उभे राहणार नसेल, तर? तर आमचे मत पुष्कळांना रुचणार नाही. अशा मुलाने नोकरी ठेवावी आणि रोजचे महाविद्यालय सोडावे. शिक्षण सोडावे असे आम्ही म्हणत नाही. मुंबई विद्यापीठाचे दूरस्थ शिक्षण १९७१ पासून आहे, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. ही दारे काम करणाऱ्यांसाठीच उघडली गेली. तिथे फलकावर नाव लागत नाही, कावीळ आणावी लागत नाही. रोजच्या महाविद्यालयात खोटी हजेरी लावून अर्धेमुर्धे शिकण्यापेक्षा रविवारी बसून प्रामाणिकपणे शिकलेले बरे.

परंतु आमच्या समाजात 'एक्स्टर्नल' हा शब्द अजून खालच्या आवाजात उच्चारतात. मुलगी बघायला गेले की 'रेग्युलर का?' असे विचारतात. शेजारणीला सांगताना आई महाविद्यालयाचे नाव सांगते, अभ्यासक्रमाचे सांगत नाही. या प्रतिष्ठेपायी कित्येक मुले दोन दरडींवर पाय ठेवून उभी आहेत. हा प्रतिष्ठेचा रोग शिष्यवृत्तीच्या अर्जापर्यंत पोहोचला आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा आठ लाख आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची वेगळी शिष्यवृत्ती आहे. अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. इथेच आमची माणसे अडतात. दाखल्यासाठी तलाठ्याच्या कार्यालयात गेले आणि गावातले कोणी भेटले तर काय म्हणेल? अर्ज राहतो, मुलगा दुकानात उभा राहतो.

अर्ज केला तरी तो पुरेल काय, हा प्रश्न उरतोच. बी.कॉम.ची फी हा या मुलाचा प्रश्न नाहीच मुळी. मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क २०२४ पासून उत्पन्नाच्या मर्यादेत राज्याने माफ केले, त्याचे आम्ही स्वागत करतो. ते त्याच्या बहिणीला पुढे उपयोगी पडेल. पण त्या अभ्यासक्रमाच्या दारापर्यंत नेणारा बारावीचा क्लास कोणी माफ केलेला नाही. घरातले धान्य, विजेचे बिल, आईच्या मधुमेहाच्या गोळ्या यांवरही शिष्यवृत्ती नाही. मुले नोकरी करतात ती बहुतेक या खर्चासाठी, आणि मदत देणारे सगळे, सरकार असो वा आमच्या मंडळांचे शिक्षणनिधी, फीची पावती मागतात. पावतीवर धान्य दाखवता येत नाही म्हणून मदत मिळत नाही.

एका लग्नात उंबराचे पाणी आणायला निघालेल्या वरातीचे बँडवाले किती घेतात, हे वाचकांस आम्ही सांगायला नको. तो आकडा आठ हजारांनी भागून पाहावा.

त्या ओटीवरचे पुढे काय झाले ते सांगून थांबतो. दुसऱ्या रविवारी आम्ही चौघे पुन्हा तिथे गेलो. मामा होते, मास्तरही होते. क्लासचे तीन हजार फेब्रुवारीपर्यंत आम्ही चौघांनी भरायचे असे ठरले. वडिलांना ते अवघड गेले, त्यांनी वहीत चौघांची नावे लिहून ठेवली आहेत. त्यानंतर मुलाबरोबर आम्ही दुकानाच्या मालकाकडे गेलो. जाताना मनात पुष्कळ भाषणे जुळवली होती, त्यांतले एकही करावे लागले नाही. मालकाने ऐकून घेतले आणि मुलाकडे वळून विचारले, "तुझी परीक्षा आहे हे मला आधी का नाही सांगितलेस?" मुलगा म्हणाला, "सांगितले तर काढाल असे वाटले." मालक काही वेळ गल्ल्याकडे पाहत राहिला. मग त्याने परीक्षा संपेपर्यंत बिनपगारी सुटी दिली आणि पुढे शुक्रवार, शनिवार, रविवार एवढेच ये, त्या हिशेबाने पैसे देईन असे कबूल केले. आठ हजारांचे चार झाले. त्या चारांवर क्लासचा हप्ता सोडून बाकीचे घर कसे चालते, हे आम्ही अजून विचारलेले नाही.

परीक्षेच्या दिवसांत आम्ही त्या दुकानात खोकल्याचे औषध आणायला गेलो. काउंटरवर बदलीचा मुलगा होता. गिऱ्हाईक नसताना तो काउंटरखाली वही उघडून काही लिहीत होता, आम्ही येताच ती त्याने मिटली. कितवीला आहेस, असे विचारले. एफ.वाय.ला, म्हणाला.